नाक जाग्यावर, वास बेपत्ता

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला न्हाई. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे "मंग तू तवाच काहून बोलली न्हाईस?" असं विचारायला कोणी माझ्या दारात यायला नको. बोलले. घसा फुटेस्तोवर बोलले.

मी चौथी शिकलेली बाई. लिहिता येतं, पण बोलता जास्त येतं. आमच्या मसाल्याच्या गटात माझ्या नाकाचे इतके किस्से साठले की आता ते माझे राहिलेच न्हाईत. कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर एक सांगतात, लग्नाच्या पंगतीत दुसराच. परवा सेनगावकडच्या एका बाईनं माझाच किस्सा मला सांगितला, अन् त्यात मी शेवटी मेले होते! म्हटलं, आता आपणच लिहावं.

आधी माणसं सांगते. कौसाबाई गटात सगळ्यात म्हातारी. मसाल्याची चिमूट जिभेवर ठेवून ती सांगणार, चालंल का न्हाई. गयाबाई माझी जाऊ. कुटायचं काम तिचं, भांडायचं काम पण तिचंच. रंजना कौसाबाईची नातसून, बारावी शिकलेली, आमचा मसाला घेणाऱ्या ढाबेवाल्यांशी फोनवर तीच बोलते. आणखी दोघी-तिघी निवडायला, चाळायला. आणि मी चंद्रकला, कढईवर बसणारी. होळी झाली की समाजमंदिराच्या मागच्या शेडात आमच्या चुली पेटतात आणि काळा मसाला सुरू होतो.

काळा मसाला डोळ्यानं भाजता येत न्हाई. दगडफूल मुळातच काळं, लवंग काळी, मिरी काळी. रंग काय बघता? तो नाकानंच भाजावा लागतो. वास कढईतून उठतो, भरतो, आणि करपायच्या जरासा आधी गोड होतो. त्या गोड वासाला म्हणायचं, "उतरा!" की दोघी जणी कढई खाली घेणार. माझ्या "उतरा"वर इतक्या वर्षांत कोणी दुसरा शब्द काढला न्हाई.

आणि आमची एक रीत आहे, कौसाबाईच्या सासूपासूनची. भाजणारीला दोष द्यायचा न्हाई, घाणा कोळसा झाला तरी. ती कढईवर बसली की तिला काही सांगायचं बी न्हाई. बोललं की तिचा हात बिचकतो, आणि बिचकल्या हाताचा पुढचा घाणा पण जातो. दोष द्यायचाच तर लाकडाला द्या, दुकानदाराला द्या, आभाळाला द्या.

ही रीत ध्यानात ठेवा. माझा घात तिनंच केला.

*

आधी डोळे गेले. समोरचं दिसायचं, कडेचं दिसेना. दोन्ही बाजूनं कोणीतरी गोणपाट लावल्यासारखं. दाराच्या चौकटीला खांदा धडकायचा, शेळीच्या दाव्यात पाय अडकायचा.

मालकाला म्हटलं, "अहो, मला बाजूचं दिसून न्हाई राहिलं."

मालक म्हणाले, "बाईमाणसानं समोरच बघावं!"

गयाबाईला सांगितलं. तेव्हा आमचं भांडण चालू होतं, खलबत्ता कोणाचा यावरून. ती म्हणाली, "मी बाजूनं चालले की तुला दिसत न्हाई, हे मला लई दिवसापासून ठाऊक हाय!"

मग एक दिवस शेडात मी पाटावर बसायला गेले आणि किसलेल्या खोबऱ्याच्या परातीत जाऊन बसले. आख्खी परात! सगळ्या हसून हसून आडव्या झाल्या. कौसाबाई म्हणाली, "चंद्रे, खोबरं भाजायचं असते, उबवायचं नसते!"

मीही हसले. घरी येऊन पीठ मळता मळता रडले. हिंगोलीच्या डोळ्याच्या डॉक्टरनं दोनदा चष्मा बदलला, मग त्यालाच शंका आली आणि त्यानं नांदेडला पाठवलं. तिथं मशीनमध्ये घातलं तेव्हा कळलं, नाकाच्या मागं, डोक्याच्या बुडाशी बोराएवढी गाठ आहे आणि ती डोळ्याच्या नसेवर बसली आहे.

मालक मशीनच्या बाहेर भिंतीला टेकून उभे होते. समोरच बघत होते.

*

सर्जन तरुण, बोलायला मऊ. म्हणाला, "मावशी, कवटी उघडायची गरज नाही. नाकातून दुर्बीण घालून गाठ काढतो. बाहेरून एक टाकासुद्धा दिसणार नाही."

मालक खूश. मी विचारलं, "आणि नाकाचं काय?"

"वाट नाकातून काढायची म्हणजे आत जखम होणार. काही दिवस वास कमी येईल. बहुतेकांचा परत येतो."

बहुतेकांचा! मालकानं "परत येतो" ऐकलं. मी "बहुतेकांचा" ऐकलं.

गाठ निघाली. घरी सोडताना त्यानं नियम सांगितले. वाकायचं न्हाई, जड उचलायचं न्हाई, नाक शिंकरायचं न्हाई. शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. नाकातून पाण्यासारखं पातळ गळलं तर असाल तसं निघून यायचं. सगळं समजावून झालं, मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, तुम्ही काम काय करता?"

म्हटलं, "मिरच्या भाजते."

त्यानं पेन खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं, मग मालकाकडं. "काका, यांना दुसरं काही येतं का?"

मालक म्हणाले, "भांडता येते!"

*

डोळे परत आले, हे खोटं कशाला बोलू. वॉर्डात उठून बसले आणि दोन्ही बाजूची खाट दिसली, खिडकी दिसली, खिडकीच्या कडेला बसलेलं कबुतर दिसलं. देवाला हात जोडले.

नाकातले बोळे काढले त्याच दिवशी मावशीबाईनं फिनाईल टाकून फरशी पुसली. बाकीच्या बायांनी नाकाला पदर लावला. मी तशीच बसून राहिले. कमी येईल म्हणाले होते. हे कमी नव्हतं. हे काहीच नव्हतं.

जीप गावात आली तेव्हा आळीतल्या बाया जमलेल्याच. कौसाबाई पुढं झाली, माझे केस बाजूला करून टाळू बघितली, कानामागं बघितलं, मानेवर बघितलं. टाका न्हाई, टक्कल न्हाई, पट्टी न्हाई. मग सगळ्यांकडं वळून म्हणाली, "मेंदूचं ऑपरेशन झालं म्हणते, आणि वेणी घालून आली!"

झालं. दवाखान्यानं केलेलं ऑपरेशन गावानं तिथंच रद्द केलं.

मी म्हटलं, "मला वास येत न्हाई."

गयाबाई म्हणाली, "श्वास येते का?"

"येते."

"मंग वास काय येगळ्या दारानं येते?"

*

नंतर भेटायला माणसं येऊ लागली. पावणे, सोयरे, शेजारीण. मी खाटेवर, उशाला टेकून. चहा व्हायचा. पण एकजण धड बसेना! येणार, उंबऱ्यापाशीच थांबणार, पदर नाकाला, "बरी हाईस ना? आराम कर," की चालले. एक बाई तर माझ्या कपाळाला कुंकू लावून, हात जोडून गेली. असं देवळातून निघतात.

मला वाटलं, माणसं किती बदलली. मी मालकाला म्हटलं, "गाव आपल्यावर रुसलं का?" मालक दिवसभर शेतात, तूर काढायची चालू होती, रातच्याला दमून यायचे आणि अंगणातच शेकोटीपाशी आडवे व्हायचे. त्यांना काय ठाऊक?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी गयाबाई आली. तिनं नाक दाबलेलं, डोळ्यात पाणी. तिच्या डोळ्यात पाणी! लग्न होऊन आल्यापासून मी बघितलं नव्हतं. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "माझं काही चुकलंमाकलं असंल तर..."

मी घाबरले. "काहून गं? काय झालं?"

"आतून सडून राहिलं म्हणतात तुझं डोकं. पार रस्त्यावर वास येऊन राहिला."

मग मी उठले, पोतं बघितलं, कोठी बघितली, खाट ओढली. खाटेखाली, माझ्या उशाच्या बराबर खाली, फुगून मेलेला उंदीर!

गयाबाईनं डोळे पुसले, पदर कमरेला खोचला आणि ओरडली, "बाई गं! आमी तर तुझ्या माहेरी कळवायचं बोलून राहिलो व्हतो!"

तुमाला वाटलं असंल, आता तरी यांना पटलं असंल. न्हाई. कौसाबाई म्हणाली, "दवाखान्यातून आलेल्या बाईला महिनाभर दवाखान्याचाच वास येते. त्यात उंदीर कुठून कळंल?"

*

संक्रांत झाल्यावर पुन्हा नांदेड. सर्जननं नाकात दुर्बीण घालून बघितलं. आत सगळं भरून आलेलं, वाट मोकळी. मग दुसरी डॉक्टरीण आली, हातात छोट्या छोट्या बाटल्या. म्हणाली, "मावशी, डोळे मिटा. कशाचा वास येतो ते सांगा."

मी डोळे मिटले. बाटली नाकाखाली आली. काही न्हाई. तेवढ्यात डाव्या कानाशी हळूच आवाज आला, "लवंग हाय."

मालक! बाटलीवरचं नाव वाचून मला सांगून राहिले होते. त्यांना वाटलं परीक्षा आहे, बायको नापास व्हायला नको.

माझ्या तोंडून निघून गेलं, "लवंग."

"अरे वा!" डॉक्टरीण खूश. दुसरी बाटली. कानाशी आवाज, "लिंबू."

आता मी डोळे उघडले. "बाईसाहेब, मला यातलं काहीच आलं न्हाई. हा माणूस सांगून राहिला."

मालक चिडले. "दोन तर बराबर आले व्हते! काहून सांगितलं?"

डॉक्टरीण हसली न्हाई, एवढं तिचं मोठेपण. ती म्हणाली, "काका, मी नाक कोणाचं तपासू?" मग माझ्याकडं वळून बोलली. रोज सकाळी लवंग, लिंबू, असं एकेक हुंगत जा. वाट बघू. कधी कधी लई वेळ लागतो. कधी कधी... एवढं बोलून ती बाटल्या गोळा करू लागली.

घरी जाताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. गावात उतरल्यावर पारावर कोणीतरी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

मालक म्हणाले, "दोन विचारले, दोन्ही बराबर! पास झाली!"

*

त्याच दिवसात माझी लेक आशा बाळंतपणाला आली होती. नात झाली.

बाळाला तेल लावून, न्हाऊ घालून, शेगडीवर ओवा टाकून धुरी दिली की बाया काय करतात? लेकराच्या टाळूला नाक लावतात. कोणी शिकवत न्हाई, लावतातच. आशाच्या सासूनं लावलं, गयाबाईनं लावलं, "अगं बाई, कसा गोड वास!" म्हणून पुन्हा लावलं. मग लेकरू माझ्या हातात दिलं.

मी नाक लावलं. ऊब होती. मऊ होतं. टाळू खालीवर होत होती.

आशाच्या वेळचा वास मला आठवतो. तो आठवणीतून काढला आणि या लेकराच्या टाळूवर ठेवून बघितला. बसला न्हाई. दुसऱ्याचं झबलं घातल्यासारखा झाला.

आशा बघत होती. म्हणाली, "आई, आला?" मी म्हटलं, "आला." लेकीपाशी मी एवढंच खोटं बोलले.

थोड्या वेळानं सगळ्या नाक मुरडू लागल्या आणि मी आपली लेकराला मांडीवर घेऊन "गाई गाई" करून राहिले. गयाबाई म्हणाली, "अगं, माखलंय ते सगळं! तुला न्हाई ना येत वास? मंग लंगोट तूच बदल, रोज. तुला काय तकलीफ?"

तेवढ्या कामापुरता तिनं माझ्यावर विश्वास ठेवला!

*

होळी जवळ आली. शेडात धने निवडायला बसलो होतो आणि मला अचानक वास आला! एकदम, भसकन. टायर जळाल्याचा.

मी ओरडले, "वास आला! वास आला!"

सगळ्या उभ्या राहिल्या. "कशाचा?"

"टायर जळून राहिलं कुठंतरी!"

दोघी रस्त्यापर्यंत पळाल्या. रंजना मागच्या बाजूनं बघून आली. टायर न्हाई, धूर न्हाई, कोणाला कसला वास न्हाई. कोणाला फिकीर पण न्हाई! कौसाबाईनं देवापुढचा गूळ आणला, माझ्या तोंडात घातला. "नाक चालू झालं गं आपल्या चंद्रीचं!" गूळ नुसता गोड लागला. गुळासारखा न्हाई.

मी दवाखान्यात फोन लावला. पलीकडून म्हणाले, "मावशी, असं होतं कधी कधी. नसलेला वास येतो. नसांचा खेळ असतो."

येऊन शेडात सांगितलं, "असलेला वास येत न्हाई, नसलेला येऊन राहिला." सगळ्या फिसकन हसल्या. एक रंजना हसली न्हाई. हळूच म्हणाली, "मावशी, खरंच काहीच येत नाही?"

"न्हाई."

"मग आपला मसाला?"

आख्ख्या गावात हा प्रश्न त्या एकट्या पोरीला पडला.

*

मी सांगून टाकलं, या वर्षी मी कढईवर बसणार न्हाई. दुसरी बसवा, मी शेजारी बसून सांगते कसं करायचं ते.

दुसऱ्या दिवशी सगळ्या माझ्या अंगणात. हातात हळदीकुंकवाचं ताट, नारळ, खण. त्यांनी काय समजावं? मी रुसले! खलबत्त्याच्या भांडणावरून!

कौसाबाई म्हणाली, "गये, हो पुढं."

आणि गयाबाई पुढं झाली. जिनं जन्मात कोणाची माफी मागितली न्हाई, सासूची न्हाई, नवऱ्याची न्हाई, ती सगळ्या आळीसमोर म्हणाली, "खलबत्ता तुझा. माझं चुकलं."

"अगं, खलबत्ता घाल चुलीत! मला वास येत न्हाई!"

"बघा," गयाबाई कौसाबाईला म्हणाली, "अजून राग हाय."

काय करता? आता न्हाई म्हटलं असतं तर मी खरंच रुसले असं झालं असतं. ओटी घेतली. गेले, कढईवर बसले. नाक शिंकरायची मनाई उठलेली होती, डोळ्यात मिरची, सगळ्या तोंड उघडून शिंका देऊन राहिल्या, माझं बघून. तेवढी एक गोष्ट त्यांनी दवाखान्याची मानली!

*

पहिला घाणा. मी डोळे फाडून बघत होते, कान लावून ऐकत होते. धन्याचा आवाज कळतो, तीळ उडाले की दिसतात. पण दगडफूल? ते गप्प बसतं आणि काळंच असतं. मी गयाबाईला विचारलं, "वास भरला का गं?"

ती कानाला हात लावून मागं सरली. "मी कोण सांगणार बाई? तू भाजणारी!" तिला वाटलं मी तिची परीक्षा घेऊन राहिले.

मी "उतरा" म्हटलं. कौसाबाईनं चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकली. करपलेला. मग गयाबाई म्हणाली, "बाभळीचं लाकूड ओलं व्हतं."

दुसरा घाणा करपला. "वाशिमचं खोबरं खवट हाय."

मी ओरडले, "माझं नाक गेलंय, खोबरं चांगलं हाय!" कोणी ऐकलं न्हाई. दुकानदाराला फोनवर शिव्या गेल्या.

तिसऱ्या घाण्याला रंजना माझ्या मागं धने चाळत होती. अगदी हळू, चाळणीच्या आवाजाआड ती म्हणाली, "मावशी, आता."

मी म्हटलं, "उतरा!"

कौसाबाईनं चिमूट ठेवली. डोळे मिटले. म्हणाली, "हा आपला मसाला!"

चौथा तसाच. पाचवा तसाच. मला वाटलं निभलं. पण सहाव्या वेळी कौसाबाईनं ऐकलं. म्हातारीचे डोळे अधू झालेत, कान न्हाई. "काय बोललीस गं? कढईवर बसलेल्या बाईला तू सांगतेस? तू?"

रंजना खाली मान घालून बसली. पुढच्या घाण्याला तिनं तोंड उघडलं न्हाई, आणि घाणा कोळसा. आता लाकडाला कोणी बोललं न्हाई, दुकानदाराला न्हाई. आता सगळ्यांना नाव मिळालं होतं. "हिनं तोंड घातलं, म्हणून हात बिचकला!"

त्या दिवसापासून रंजनाला शेडात यायची बंदी. बाहेर लिंबाखाली बसून पुड्या भरायच्या. घरी कौसाबाई तिच्या हातचं पाणी घेईना. ढाबेवाल्यांचे करपल्या मसाल्याचे फोन यायचे, ते मात्र तिनंच घ्यायचे. तिच्या सासूनं रंजनाच्या नवऱ्याला सांगितलं, त्यानं काय केलं ते मला ठाऊक न्हाई, पण दोन दिवस पोरीचं तोंड सुजलेलं होतं.

मग मी शेडात उभी राहिले आणि कौसाबाईच्या तोंडावर बोलले. "त्या पोरीचा काही दोष न्हाई. चांगले घाणे तिचे. करपलेले माझे. दोष माझा हाय, मला लावा!"

कौसाबाईनं सगळ्यांकडं बघितलं. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "बघा गं. भाजणारी अशी असावी. दुसरीचा दोष अंगावर घेते!"

*

आता शेवटचा. आखितीचा सण तोंडावर आलेला, हंगामाचा शेवटचा घाणा. कढई मोठी, जाळ मोठा. कौसाबाई माझ्या शेजारी पाटावर बसली, एवढी जवळ की तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. गयाबाई आणि बाकीच्या समोर. रंजना बाहेर लिंबाखाली, तिथून दारातून आमच्या पाठी दिसत.

मी कढईवरून नजर हलवत नव्हते. डोळेच राहिले होते माझ्यापाशी.

लाकूड फुटलं, निखारा उडाला. तो कुठं पडला ते मी बघितलं न्हाई. तो कौसाबाईच्या लुगड्याच्या मागं पसरलेल्या घोळावर पडला होता. जुनं सुती लुगडं पेट घेत न्हाई, आत आत धुमसत जातं.

समोर बसलेल्यांना वास आला. जळाल्याचा. गयाबाईनं माझ्या कढईकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं, मग खाली बघितलं. बाकीच्यांनी एकमेकीला कोपर मारलं. कोणी बोललं न्हाई. भाजणारीला सांगायचं न्हाई. कौसाबाईला स्वतःला वास आला. तिनं पण ओठ घट्ट मिटले. तिला वाटलं, माझा घाणा करपून राहिला.

आणि मी सराटा फिरवत राहिले.

"आजी!"

रंजना दारातून पळत आली. बंदी मोडून, चपला घालून, सरळ शेडात. तिनं म्हातारीला पाटावरून ओढलं, माठ उचलला आणि आख्खा अंगावर उपडा केला. कौसाबाई किंचाळली. लुगड्याला ताटाएवढं भोक पडलेलं, आतली मांडी लाल, कातडी सुटलेली. चुलीवर पाणी उडालं, धूर झाला, आणि त्या गडबडीत कढई तशीच जाळावर. घाणा गेला.

रंजनानं आजेसासूला भिंतीला टेकवून बसवलं आणि भाजलेल्यावर पाणी सोडत राहिली. पण कौसाबाई रंजनाकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. माझ्या गुडघ्याकडं बघितलं, जिथं तिचा गुडघा लागला होता. मग माझ्या नाकाकडं.

"तुला आला न्हाई?"

"न्हाई."

"इतक्या जवळ?"

"न्हाई, कौसाबाई."

कोणीतरी बोलायला पाहिजे म्हणून गयाबाई बोलली. "ते लाकूडच तसलं. बाभळीचं फुटतेच."

दुसरी म्हणाली, "रंजीनं पाणी ओतलं, त्यानंच घाणा गेला."

कौसाबाईनं हात वर केला. तिनं रंजनाला कढईकडं बोट दाखवलं. रंजनानं चिमटीत करपलेला मसाला आणला. म्हातारीनं तो जिभेवर ठेवला, लई वेळ ठेवला, आणि गिळला. मग माझ्यापुढं हात पसरला. मी सराटा तिच्या हातात दिला. इतक्या वर्षांत तो दुसऱ्या कोणाच्या हातात गेला नव्हता.

"हा घाणा कोणी घालवला?" तिनं विचारलं. कोणालाच न्हाई, सगळ्यांना.

कोणी तोंड उघडेना. गटात आजवर कढईवरच्या बाईचं नाव या प्रश्नाला कोणी घेतलंच नव्हतं. रंजना खाली बघत होती. तिला वाटलं, आता पुन्हा आपलंच.

कौसाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याकडं बघितलं आणि नाव घेतलं.

"चंद्रकला."